पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं

बडोदा संस्थानाला समुद्र होता, हे आज बडोद्यात वाढणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. आणि त्या समुद्रात प्रवाळही होतं. द्वारका आणि बेट द्वारका धरून सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचं सगळं ओखामंडळ गायकवाडांच्या अमलाखाली होतं. त्या किनाऱ्याच्या पाण्यात काय काय जगतं, याची सयाजीराव महाराजांच्या सरकारने रीतसर पाहणी करून घेतली होती. जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने ती केली आणि तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत छापून निघाला. शंख आणि मोत्यांची कालवं यांतून संस्थानाच्या तिजोरीत काय पडेल, हा हिशोब त्यामागे होताच. तरीही एका संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी आपला समुद्र अभ्यासाचा विषय मानला, याचा मला बडोदेकर म्हणून फार अभिमान वाटतो.

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून कुठे ना कुठे त्या किनाऱ्याची खूण सापडते. द्वारकेची यात्रा करून आलेल्या आजी-आजोबांनी गोमतीचक्रं आणि शंख यांच्याबरोबर एखादा पांढरा, खडबडीत, वजनाला हलका दगड आणलेला असतो आणि तो शोकेसमध्ये बसलेला असतो. तो दगड नव्हे, प्रवाळाचा सांगाडा आहे. (आज असा तुकडा उचलून आणणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, जागा दिलेली आहे.) पण घरात पिढीजात असेलच, तर एकदा भिंग घेऊन त्याच्याकडे जरूर बघा. मधाच्या पोळ्यासारखे एकमेकांना लागून बसलेले खळगे दिसतील. प्रत्येक खळग्याच्या काठापासून मध्याकडे जाणारे अतिशय पातळ, उभे पडदे दिसतील, काही मोठे, काही लहान, पण सगळे ठरावीक क्रमाने. त्या एकेका खळग्यात एकेक प्राणी राहत होता. पडदे त्यानेच बांधले, समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट वेचून.

या प्राण्याला पॉलिप म्हणतात. जेलीफिशचा आणि समुद्रफुलाचा तो नातलग. मऊ, पारदर्शक पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शिकांचं कडं, एवढंच त्याचं शरीर. अंगठीत घालतात ते लाल पोवळं हे मात्र वेगळं प्रकरण. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या खोल पाण्यात वाढणारं, आणि ते प्रवाळभित्ती, म्हणजे सांगाड्यांवर सांगाडे रचून समुद्रतळावर उभी राहणारी भिंत, बांधत नाही. आपण बोलतोय ते भित्ती बांधणाऱ्या, उन्हावर जगणाऱ्या प्रवाळांबद्दल.

प्राणी उन्हावर कसा जगेल? इथेच या जिवाची सगळी कमाल आहे. उष्ण कटिबंधातला निळा, नितळ समुद्र दिसायला देखणा, पण अन्नाच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड असतो. तिथे नुसत्या स्पर्शिका हलवून पोट भरत नाही. म्हणून पॉलिपने आपल्या पेशींच्या आत एकपेशीय शैवालाला जागा दिली. झूझॅन्थेली हे त्याचं प्रचलित नाव. प्रवाळाच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये या शैवालाच्या दहा लाखांहून अधिक पेशी असू शकतात. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग असा भागतो. बदल्यात शैवालाला सुरक्षित जागा मिळते आणि पॉलिपच्या शरीरातून बाहेर पडणारं नायट्रोजन, फॉस्फरस खत म्हणून मिळतं. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट, सोनेरी रंग मुख्यतः या शैवालाचा असतो. ही भागीदारी आहे म्हणूनच समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या प्रवाळभित्तींवर समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश प्रजातींचा संसार चालतो.

पाणी तापलं की बिघडते ती हीच भागीदारी. उष्णता आणि कडक ऊन एकत्र आलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते. प्रकाश तर आत येतच राहतो, पण त्या ऊर्जेचा वापर होत नाही, आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील, पेशींना जाळणारी रूपं तयार होऊ लागतात. जे शैवाल काल अन्न देत होतं, तेच आज पेशीत विष सोडू लागतं. मग प्रवाळ त्याला बाहेर काढून टाकतं. रंग गेला की पारदर्शक अंगातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळाचं विरंजन म्हणतात.

ठळक अक्षरांत लिहावी अशी गोष्ट ही की, या अवस्थेत प्रवाळ जिवंत असतं. जवळून पाहिलं तर पॉलिप हलताना दिसतात. ते उपाशी असतात, साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतात. पाणी काही आठवड्यांत निवलं तर उरलेलं शैवाल पुन्हा वाढतं, रंग परततो. वर्तमानपत्रांत पांढऱ्या प्रवाळाचं छायाचित्र ‘मृत प्रवाळ’ म्हणून छापलं जातं, तेव्हा मला हळहळ वाटते, कारण त्याने वाचकाची आशा उगाच आधीच संपते. खरोखर मेलेलं प्रवाळ फार काळ पांढरं राहतच नाही. काही दिवसांत त्यावर वेगळंच, तंतूंसारखं शेवाळ चढतं आणि ते मळकट हिरवं-तपकिरी होतं.

काही प्रवाळं तर विरंजनाच्या वेळी पांढरी न पडता झगझगीत गुलाबी, जांभळी, निळी होतात. साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली याचं कारण दाखवलं. शैवाल गेल्यावर पांढऱ्या सांगाड्यावरून परतणारा प्रकाश अंगात फार वाढतो. त्यावर उपाय म्हणून प्रवाळ रंगीत प्रथिनं तयार करतं. त्या छायेत शैवालाला परत येणं सोपं जातं. डोळ्यांना सुखावणारा तो रंग म्हणजे त्या जिवाची जगण्याची धडपड असते.

किती तापलं म्हणजे फार तापलं? बडोद्यात आपण जानेवारीतली दहा-बारा अंशांची पहाट आणि मे महिन्यातली चाळिशीपारची दुपार दोन्ही सोसतो. एखाद्या अंशाची आपण दखलही घेत नाही. प्रवाळाचं तसं नाही. आपल्या भागातल्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी फक्त १ अंश सेल्सिअस वर गेलं की त्याचा त्रास सुरू होतो. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचे शास्त्रज्ञ यासाठी ‘डिग्री हीटिंग वीक’ हे माप वापरतात. १ अंश जास्त तापमान एक आठवडा टिकलं तर माप १. गेल्या बारा आठवड्यांची बेरीज ४ झाली की विरंजन दिसू लागतं, ८ झाली की प्रवाळं मरू लागतात. इशाऱ्यांच्या पट्ट्या पूर्वी तिथेच संपत. डिसेंबर २०२३ मध्ये वर आणखी तीन पट्ट्या जोडाव्या लागल्या, कारण मोजमाप ८ च्या कितीतरी पुढे जाऊ लागलं होतं. सर्वात वरची पट्टी २० पासून सुरू होते. त्याच वर्षी जुलैत फ्लोरिडाच्या मॅनेटी बे या उथळ खाडीतल्या तरंगत्या यंत्राने ३८ अंशांहून जास्त तापमान नोंदवलं. पाळण्यासाठी समुद्रात लावलेली प्रवाळाची रोपं तिथल्या लोकांनी उपटून जमिनीवरच्या टाक्यांत हलवली.

जगभर एकाच वेळी विरंजन झाल्याची पहिली नोंद १९९८ ची. त्या वर्षी एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याचा प्रकार, जोरात होता आणि जगातलं सुमारे ८ टक्के प्रवाळ गेलं. दुसरी २०१० ची, तिसरी २०१४ ते २०१७ अशी लांबलेली. चौथी २०२३ मध्ये सुरू झाली, एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली, आणि जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला तिची झळ लागली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षांत मोठी विरंजनं झाली.

या सालांकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्यांच्यातल्या अंतरात आहे. प्रवाळाला उष्णतेचा फटका नवा नाही. फटक्यानंतर त्याला उसंत लागते. झपाट्याने वाढणाऱ्या फांदीदार प्रवाळांनासुद्धा पुन्हा भित्ती भरून काढायला दहा-पंधरा वर्षं लागतात. गोल, भरीव प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, त्यांना तर दशकं लागतात. प्रवाळशास्त्रज्ञ टेरी ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली जगभरातल्या शंभर ठिकाणांच्या नोंदी तपासल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन तीव्र विरंजनांमध्ये २५ ते ३० वर्षांचा अवधी असे. तो आता सुमारे ६ वर्षांवर आला आहे. दहा वर्षांचं काम सहा वर्षांत होत नाही. त्यात नवी पिढीही कमी जन्मते. २०१६-१७ च्या फटक्यानंतर ग्रेट बॅरिअर रीफवर रुजणाऱ्या प्रवाळाच्या पिल्लांची संख्या ८९ टक्क्यांनी घटली होती.

आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये हेच घडलं. १९९८, २०१० आणि २०१६ अशी तीन मोठी विरंजनं तिथे झाली, २०२४ मध्ये पुन्हा. जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ नंतरच्या दोन-अडीच दशकांत जवळपास निम्म्यावर आलं. तरी मधल्या काळात ते सावरतही होतं, आणि त्याचं एक कारण मला फार मोलाचं वाटतं. लक्षद्वीपचे मच्छीमार परंपरेने खोल समुद्रात जाऊन गळाने ट्यूना धरतात. भित्तीवरचे मासे त्यांनी फारसे मारले नाहीत. त्यामुळे मेलेल्या प्रवाळावर चढणारं शेवाळ खाणारे पोपटमासे आणि त्यांचे सोबती शिल्लक राहिले, जागा साफ राहिली आणि तिथे नवी पिल्लं रुजू शकली. आता तिथेही भित्तीवरच्या माशांना गिऱ्हाईक येऊ लागलं आहे.

समुद्र तापतोय तो कशाने, हे वाचकांना ठाऊक आहे. कोळसा आणि तेल जाळून अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. हिंदी महासागर १९५० ते २०२० या काळात सुमारे १.२ अंशांनी तापला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी सांगतात की उत्सर्जन असंच राहिलं, तर १९७० ते २००० या काळात वर्षातले सुमारे २० दिवस असणाऱ्या इथल्या सागरी उष्णतेच्या लाटा शतकाअखेर वर्षाला २२० ते २५० दिवस टिकतील. म्हणजे उसंत सहा वर्षांवरून काही महिन्यांवर. पृथ्वी १.५ अंशांनी तापली तर उष्ण पाण्यातली ७० ते ९० टक्के प्रवाळं जातील, २ अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा अंदाज आहे. अर्ध्या अंशात एवढा फरक! तापमानवाढीच्या वाटाघाटींत अर्ध्या अंशाला किरकोळ समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

मराठी माणसाच्या ओळखीच्या पाण्यातही प्रवाळ आहे: मालवणला आहे, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवरही आहे. पण बडोदेकरांसाठी जवळचं म्हणजे कच्छचं आखात. रात्री सौराष्ट्र मेल पकडून जामनगरला उतरायचं, तिथून नरारा या बेटावर जायचं. या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झालं, देशातलं पहिलं. इथे प्रवाळ बघायला पाण्यात बुडी मारावी लागत नाही. ओहोटीला, गुजरातीत ओट म्हणतात तिला, पाणी दूरवर ओसरतं आणि घोट्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळापर्यंत जाता येतं. हिरवट-तपकिरी गोल ढेकळं, त्यांच्यावर त्याच शोकेसमधल्या दगडाचे खळगे, फक्त इथे प्रत्येक खळग्यात ओलसर, चकाकणारं मांस. सावली पडली की ते आक्रसतं.

हे प्रवाळ काटक आहे. गढूळ पाणी, जास्त खारटपणा, मोठी भरती-ओहोटी, हिवाळ्यातला गारठा आणि उन्हाळ्यात उघड्यावर पडणारं ऊन, एवढं सगळं ते सोसतं. फांदीदार अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाला ते जमलं नाही. या आखातात त्याचे जुने, मेलेले सांगाडे सापडतात. काटक असूनही विरंजन इथेही झालेलं आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी मोजलेल्या तापमानावरून भारतीय प्रवाळक्षेत्रांसाठी विरंजनाचे इशारे देते, त्यात कच्छचं आखातही येतं.

उष्णतेचा प्रश्न जामनगरात सुटणार नाही. पण लक्षद्वीपच्या पोपटमाशांनी दाखवलं तसं, स्थानिक त्रास कमी असेल तर प्रवाळ लवकर सावरतं. आखातात तो त्रास भरपूर आहे: तेलाची जहाजं, किनाऱ्यावरचे कारखाने, खारफुटी तुटली की वाहून येणारा गाळ. पूर्वी सिमेंटसाठी इथली प्रवाळवाळू उपसत असत, ते बंद झालं. आपल्यासारख्या पाहुण्यांचे पायही त्या त्रासातच मोजायचे. नराराला जाणार असाल तर हिवाळ्यात जा, ओहोटीची वेळ आधी बघा, वनखात्याची परवानगी काढा, कॅनव्हासचे बूट घाला. वाटाड्या वाळूवरून वळणं घेत नेतो, सरळ रेषेत नाही. मुलांना त्याच्या मागेच ठेवा. सरळ वाटेवर प्रवाळ असतं.