काजूच्या मुलखातला वाघ

काजूच्या दिवसांत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली माणसं पहाटे बोंडू वेचायला डोंगरावर चढतात. वाटेत ओल्या मातीत बिबट्याचा पंजा उमटलेला दिसला, की पाय जागीच थबकतात. हा काजू आपल्याकडे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. नावही तिथल्या तुपी भाषेतलं. जग्वार, म्हणजे अमेरिकेतला ठिपकेदार वाघ, हा शब्दही त्याच भाषाकुळातला. झाड गोव्यात रुजलं, वाघ तिकडेच राहिला.

तसे जग्वारचे पूर्वजही मूळचे आपल्याच बाजूचे. हिमयुगात समुद्र ओसरला, तेव्हा आशिया आणि अमेरिकेमध्ये उघड्या पडलेल्या बेरिंगच्या जमिनीवरून ते अमेरिकेत पोचले. दिसायला बिबट्यासारखाच, पण अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत आणखी ठिपके असतात. अंग आडवं, पाय आखूड, डोकं जड. खरी ताकद जबड्यात. आपले वाघ-बिबटे सहसा गळा धरतात. जग्वार थेट कवटीत सुळे रुतवतो. कासवाची पाठ फोडतो, पाण्यात उतरून केमन मगर ओढून आणतो. ब्राझीलकडच्या पँटानालच्या दलदलीतले नर शंभर किलोंच्या वर भरतात. नर एकटा हिंडतो. पिल्लं दोनेक वर्षं आईपाशी शिकतात.

काळ्या रंगाची गोष्ट मला फार आवडते. आपल्या रानातला काळा बिबट्या जन्मायला आई-बाप दोघांकडूनही तो गुण यावा लागतो. जग्वारमध्ये एकाकडून आला तरी पिल्लू काळं.

गोव्यातल्या काणकोण-सांग्यात वाघ्रो, म्हणजे वाघ देव पुजतात. तिकडे मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांनी माणूस आणि जग्वार एकाच मूर्तीत घडवले, माया लोकांनी त्यांच्या चिचेन इत्झा नगरात जग्वारच्या आकाराचं तांबडं सिंहासन केलं.

या देवाची विसाव्या शतकात कातडी झाली. 1960 च्या दशकात फॅशनसाठी हजारो जग्वार मारले गेले. ब्राझीलने 1967 मध्ये शिकार बंद केली, 1975 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. पण जंगल तोडून गुरांची कुरणं होत राहिली आणि गुरं मारतो म्हणून गोळ्या सुटत राहिल्या. मूळ मुलखापैकी जवळपास निम्मा गेला. उरुग्वे आणि एल साल्वादोरमध्ये आज एकही उरलेला नाही.

अर्जेंटिनातल्या इबेराच्या पाणथळीतूनही तो नाहीसा झाला होता. जानेवारी 2021 मध्ये तिथे मारिउआ नावाची मादी तिच्या दोन बछड्यांसह रानात सोडली. सुमारे 70 वर्षांनी त्या चिखलात जग्वारचे पंजे उमटले.