पांढऱ्या रश्श्याची वाटी आणि कोयनेचे धक्के

पाऊस ओसरायला लागला की पेपरात आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसते. कोयना परिसराला भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित. चार ओळींची बातमी, केंद्रबिंदू हेळवाकपासून अमुक किलोमीटर, जीवितहानी नाही, संपलं. आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत आमच्या ग्रुपवर मेसेज पडतो की धरणात १०५ टीएमसी (म्हणजे १०५ अब्ज घनफूट) पाणी साठवलंय, जमिनीला आता वजन पेलवेना झालंय, आज रात्री बारा ते तीनमध्ये मोठा धक्का येणार, नासाने सांगितलंय, दहा जणांना पाठवा. नासाला कोयनेची एवढी काळजी कधीपासून लागली देव जाणे. वेळ सांगून भूकंपाचं भाकीत आजवर जगात कुठल्याच संस्थेला जमलेलं नाही, त्यामुळे मेसेजात 'बारा ते तीन' असं वाचलं की पुढचं न वाचता डिलीट मारायला हरकत नाही.

पण त्यातली वजनाची गोष्ट मात्र शिकलेसवरलेले लोकही ठामपणे सांगतात, आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. मागच्या रविवारी एका मित्राबरोबर खानावळीत बसलो होतो, तो बांधकामाच्या धंद्यातला, म्हणाला, "काय लगा, तीनशे कोटी टन पाणी म्हणजे काय खायचं काम हाय? दगड खाली बसणारच की." आकडा त्याचा बरोबर होता, १०५ टीएमसी म्हणजे साधारण तेवढंच भरतं. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात पोऱ्याने नुकत्याच ओल्या फडक्याने पुसलेल्या टेबलावर कढत पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली, आणि ती वाटी कोणी हात न लावता हळूच माझ्याकडून त्याच्याकडे वीतभर सरकत गेली.

हे तुम्हीही शंभरदा बघितलं असेल. वाटीच्या बुडाला बारीक कडं असतं, त्यामुळे टेबल आणि बूड यांच्यामध्ये थोडी हवा अडकते. टेबल ओलं असल्यामुळे कड्याभोवती पाण्याचं सील बसतं, हवेला बाहेर पडायला वाट नसते. वरून रस्सा कढत, त्याने अडकलेली हवा तापते, फुगायला बघते आणि वाटीला खालून वर ढकलते. वाटी उचलली जात नाही, तेवढा जोर नसतोच, पण वाटीचं जे वजन टेबलावर दाबून बसलेलं असतं त्यातलं बरंचसं आता हवेने तोललेलं असतं. घर्षण हे टेबलाला खरोखर टेकणाऱ्या वजनावर अवलंबून असतं ना, ते वजनच कमी झालं की घर्षणही कमी, आणि मग टेबलाचा नावाला असलेला उतारही पुरतो.

कोयनेच्या खाली हेच होतं. हवेच्या जागी पाणी, वाटीच्या जागी काही किलोमीटर जाडीचा दगड आणि टेबलाच्या जागी फॉल्ट, म्हणजे खडकातली जुनी भेग जिच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या आहेत.

ही नुसती उपमा नाहीये बरं का. १९५९ मध्ये हबर्ट आणि रुबी या दोन अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी एक मोठा निबंध लिहिला होता, प्रश्न असा की डोंगराएवढ्या खडकाच्या चादरी जवळपास सपाट पृष्ठभागावरून कित्येक किलोमीटर सरकलेल्या दिसतात, त्या सरकल्या कशा? घर्षणाचा हिशोब मांडला तर त्या सरकायच्या आधी चुरा व्हायला पाहिजेत. त्यांनी उत्तर दिलं की भेगांमधल्या पाण्याच्या दाबाने वरचा खडक तोलला जातो. आणि ते दाखवायला त्यांनी काय वापरलं, तर बिअरचा रिकामा कॅन! थंड केलेला कॅन ओल्या काचेवर पालथा ठेवायचा, आतली हवा गरम होऊन फुगली की जेमतेम एक अंशाच्या उतारावरही कॅन चालायला लागतो. आपल्याकडे रस्सा.

आता थोडं गणित, घाबरू नका, वजाबाकीच आहे. फॉल्टला जागेवर धरून ठेवणारी ताकद म्हणजे घर्षणाचा गुणांक गुणिले (खडकाचा दाब वजा भेगेतल्या पाण्याचा दाब). ही वजाबाकी मुळात मातीच्या शास्त्रातली, कार्ल टेरझागीने १९२० च्या दशकात मांडलेली, सिव्हिलच्या पोरांना ती पाठ असते. पाच किलोमीटर खोल खडकाचा दाब साधारण १३०० वातावरणं, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेच्या दाबाच्या तेराशे पट. तिथपर्यंत भेगा पाण्याने भरलेल्या असतील तर पाण्याचा दाब ५०० च्या आसपास. उरले ८००. धरणातलं पाणी ८० मीटर खोल धरलं तर ते फार तर ८ वातावरणांची भर घालतं, म्हणजे आठशेतले आठ.

आठशेत आठ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि माझा मित्र इथेच उसळला, की मग धरणाने भूकंप होतो म्हणता कशाला? तर फॉल्ट आधीच सुटायच्या बेतात असेल तर आठ काय, एकही भरपूर होतं. भूकंपाची ताकद धरणातून येतच नाही. भारताचं भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वेगाने उत्तरेला रेटतंय, त्याचा ताण अख्ख्या द्वीपकल्पातल्या खडकात साठत असतो, धरण फक्त चाप ओढतं. वजनाचा तर कधीकधी उलटा परिणाम होतो, फॉल्ट अजून घट्ट दाबला जातो. म्हणून जगात मोठी धरणं हजारोंनी आहेत पण ज्यांच्या भरण्याशी भूकंपाचा संबंध लागतो अशी जागा शंभराच्या आसपास, आणि सहाच्या वरचा भूकंप झाला अशी तर चारच: चीनचं शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसचं क्रेमास्ता आणि आपली कोयना. या चौघांत मोठा आपलाच.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, तीव्रता ६.३. कोयनानगर झोपेत असताना जवळपास दोनशे माणसं गेली. धरणाला भेगा गेल्या पण ते टिकलं, नंतर मागून टेकू देऊन मजबूत केलं. त्याच्या आधी शाळेत काय शिकवायचे, तर दख्खनचं पठार म्हणजे घट्ट, जुनं, स्थिर, इथे भूकंप होतच नाहीत. देशाच्या भूकंप नकाशातही हा भाग सगळ्यात निवांत गटात होता, तो नंतर थेट झोन ४ मध्ये गेला. आणि १९८५ पासून वारणा नदीवरचं चांदोलीचं धरण भरायला लागल्यावर १९९३ पासून धक्क्यांचा जोर दक्षिणेला वारणेकडेही आला. कोल्हापुरातून सरळ रेषेत ते पाणी साठेक किलोमीटरवर आहे, म्हणून आपल्याकडे कपाटातली भांडी कधीमधी वाजतात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. धरण भरलं की धक्का लगेच का येत नाही? काही धक्के भरताना येतात, बरेचसे नंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी. लोक म्हणतात पाणी मुरायला वेळ लागतो. बरोबर, पण अर्धंच बरोबर, कारण वरचं पाणी पाच किलोमीटर खाली जावं लागत नाही, खाली पाणी आधीपासून आहेच, जायचा असतो तो दाब. दाब एका भेगेतून दुसरीत जाताना प्रत्येक भेग किंचित फुगते, तिथलं पाणी किंचित आवळलं जातं, आणि त्यात दाबाची धार बोथट होत जाते. उसाला पाणी पाजलेल्या माणसाला हे सांगायला नको. सरीत पाणी सोडलं की पहिला टप्पा झरझर होतो, मग प्रत्येक पुढच्या टप्प्याला जास्त वेळ, कारण मागची माती पीत राहते. खडकात याचा नियम वर्गाचा आहे, अंतर दुप्पट तर वेळ चौपट. वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरणाचा गुणांक, म्हणजे खडकातून दाब किती झपाट्याने पसरतो त्याचा आकडा. तो गुणांक सेकंदाला एक चौरस मीटर धरला तर पाच किलोमीटरला अडीच कोटी सेकंद लागतात, म्हणजे साडेनऊ महिने. एक किलोमीटरला मात्र साडेअकरा दिवस पुरतात. भेगा मोकळ्या असल्या तर गुणांक वाढतो, चिकणमातीने बुजलेल्या असल्या तर शेकडो पटींनी घसरतो, त्यामुळे एकाच तलावाखाली एक भेग गणपतीत बोलते आणि दुसरी थेट पुढच्या वर्षी. (इथे कंटाळा आला असेल तर एवढंच लक्षात ठेवा, दाब उशिरा पोचतो.)

पुरावा अमेरिकेत मिळाला, तोही चुकून. डेन्व्हरजवळ लष्कराने १९६२ पासून रासायनिक कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत पंपाने ढकललं, आणि जिथे फारसे भूकंप नव्हते तिथे धक्के सुरू झाले. १९६६ मध्ये पंप बंद केला, आणि सगळ्यात मोठे धक्के आले १९६७ मध्ये! पंप बंद पण दाब अजून प्रवासात. तिथे धरण नाही, तलाव नाही, वजनही नाही. हे सांगितल्यावर मित्र जरा गप्प झाला.

आपल्याकडेही खाली भोक पाडून बघणं चालू आहे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे, त्यांनी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं. रासाटीजवळच्या बोअरमध्ये साधारण ९३० मीटरपर्यंत आपला ओळखीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्टचे थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला, मध्ये गाळाचा थर नाहीच. भूकंप होतात ते या खालच्या खडकात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत.

बोअरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्या पाहुण्यांनी गेल्या उन्हाळ्यात पाणाड्या आणला होता, तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरला, नारळ जिथे उभा राहिला तिथे बोअर मारलं, साडेतीनशे फुटांवर नुसती धूळ. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते सांध्यात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात, नारळाला त्यातलं काय कळणार! अर्थात काही बोअरना पाणी लागतंच, तेव्हा नारळाचं नाव होतं.

बारके धक्के येतात ते चांगलंच, ताण निघून जातो, हेही एक लाडकं वाक्य. तीव्रतेची एक पायरी म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट, दोन पायऱ्या म्हणजे हजार पट. सहाच्या एका भूकंपाचा ताण चारच्या धक्क्यांनी काढायचा तर हजार धक्के पाहिजेत. कोयनेत गेल्या साठ वर्षांत चारच्या वरचे मोजले तर दोनशेच्या आसपास भरतात.

तोपर्यंत पोऱ्या कोरडं फडकं घेऊन आला, टेबल खसखसून पुसलं, वाटी परत ठेवली. रस्सा तेवढाच कढत, पण वाटी जागची हलली नाही, सीलच नव्हतं ना. मित्र बराच वेळ वाटीकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे आता कोयना फडक्यानं पुसायची व्हय?"

पुसता येत नाही. धरण भराभर उपसलं तरी खालचा तोल बिघडतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरतानाही धक्के वाढलेले दिसतात. पाणी किती झपाट्याने चढतं याला महत्त्व आहे एवढं भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्तांनी १९८३ मध्ये दाखवलं, आठवड्याला १२ मीटरपेक्षा जास्त चढल्याशिवाय पाचच्या वरचा धक्का आलेला नव्हता, चढला म्हणून येतोच असंही नाही. पण जुलैत नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस सुरू झाला की पाणी कोणाला विचारून चढत नाही, आणि दरवाजे किती फूट उचलायचे ते खाली सांगलीत पूर किती आहे ते बघून ठरतं. मित्राने दुसरी वाटी मागवली.