पकड सुटते ती एटीपीमुळे

कंदुरीचा बोकड कापला की मटण लगेच चुलीवर चढतं. तेच मांस काही तास नुसतं टांगून ठेवलं तर ताठतं, आणि तशात शिजवलं तर चिवट लागतं. मेलेल्या जनावराचे पायही असेच लाकडासारखे होतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर फारच लवकर, कारण उष्णतेत ही क्रिया वेगानं होते. स्नायू आखडायला ऊर्जा लागते, हे आपण शाळेत शिकलो. मग ऊर्जा संपल्यावर स्नायू सैल पडायला हवा. तो ताठतो कसा?

स्नायूच्या आत दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. बारीक धागे ॲक्टिनचे, जाड मायोसिनचे. मायोसिनच्या धाग्यातून असंख्य डोकी बाहेर आलेली असतात आणि ती ॲक्टिनला धरून ओढतात. प्रत्येक डोक्यात एक खोबण असते. तिच्यात बसतो न्यूक्लिओटाइड, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा आपला एटीपी: ॲडेनीन, रायबोज साखर आणि तीन फॉस्फेट. खोबणीत काय बसलंय, त्यावर पकड किती घट्ट हे ठरतं.

खोबण रिकामी असेल तेव्हा पकड सगळ्यात घट्ट. तिथे एटीपी येऊन बसला की ती हजारो पटींनी ढिली होते आणि डोकं सुटतं. सुटलेलं डोकं एटीपी तोडतं. एडीपी (दोन फॉस्फेट उरलेला भाग) आणि सुटा फॉस्फेट हे दोन्ही तुकडे खोबणीतच राहतात आणि डोकं ताणून सज्ज होतं. या अवस्थेत ते ॲक्टिनला नुसतं टेकतं, धरत नाही. फॉस्फेट बाहेर पडला की पकड पक्की होते आणि डोकं झटक्यासरशी ॲक्टिनला ५ ते १० नॅनोमीटर ओढतं. शेवटी एडीपी जातो, खोबण रिकामी होते. विहिरीतून पोहरा शेंदताना दोराची पहिली पकड सोडल्याशिवाय पुढची ओढ घेता येत नाही, तसंच हे.

मेल्यावर पेशीत कॅल्शियम पाझरतं, त्यामुळे डोकी ॲक्टिनला चिकटतात. एटीपी मात्र संपत आलेला असतो, म्हणून ती सुटत नाहीत. पुढे दीड-दोन दिवसांत ताठरपणा जातो, पण पकड सुटली म्हणून नव्हे. विकरं धाग्यांची बांधणीच कुरतडतात म्हणून. (जिवंतपणी पायात गोळा येतो त्याचा या सगळ्याशी संबंध लावू नये. तो बहुधा चेतातंतूंच्या अतिउत्साहाचा प्रकार; तेव्हा स्नायूत एटीपी भरपूर असतो.)

हे कोडं सुटायला वेळ लागला. १९४२ च्या सुमारास हंगेरीतल्या सेगेद इथे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळं काढलं. ॲक्टिन-मायोसिनच्या धाग्यांवर एटीपी टाकला की धागे आखडत. पण तीच प्रथिनं जास्त मिठाच्या पाण्यात विरघळवली, तर एटीपी टाकताच दाट द्रावण पातळ होई, म्हणजे दोघं वेगळी होत. एकच पदार्थ जोडतोही आणि तोडतोही? १९७१ मध्ये लिम्न आणि टेलर यांनी या क्रियांचे वेग मोजले आणि क्रम लागला: एटीपी आला की डोकं आधी सुटतं, तो तुटतो त्यानंतर.

मला यातला एडीपी जास्त रंजक वाटतो. तो खोबणीत असेतो पकड बऱ्यापैकी घट्ट राहते, आणि तो किती चटकन निघतो यावर बहुतांशी स्नायूचा वेग ठरतो. चपळ स्नायूत तो लगेच जातो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूत रेंगाळतो. ओझ्याचाही परिणाम होतो. लातूरच्या मोंढ्यात हमाल सोयाबीनचं पोतं पाठीवर पेलून उभा राहतो, तेव्हा भार डोक्यांना उलट्या दिशेनं खेचत असतो. एडीपी निघायला उशीर होतो आणि प्रत्येक डोकं जास्त वेळ धरून राहतं. त्यामुळे पोतं उचलताना जितका एटीपी खर्च होतो, त्यापेक्षा ते नुसतं पेलून धरताना कमी होतो. पण तो शून्यावर कधीच येत नाही: पोतं तसूभरही हललं नाही तरी आत डोकी सुटत आणि पुन्हा धरतच असतात.