निवडून दिलेला सरकारी वकील हटवायचा कोणी?

4 ऑगस्ट 2022. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात अँड्र्यू वॉरेन यांच्या हाती गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्या सहीचा आदेश पडला. हिल्सबरो काउंटीचे स्टेट अ‍ॅटर्नी म्हणून लोकांनी त्यांना 2016 मध्ये निवडून दिले होते आणि 2020 मध्ये पुन्हा एकदा. आदेशामुळे ते तत्क्षणी निलंबित झाले आणि त्यांना कार्यालयाबाहेर काढण्यात आले. त्याच सकाळी गव्हर्नरांनी टॅम्पातच पत्रकार परिषद घेऊन निलंबनाची घोषणा केली. वॉरेन यांच्या जागी सुझन लोपेझ यांची नेमणूकही झाली. वॉरेन यांच्यावर लाचखोरीचा आरोप नव्हता, कुठला गुन्हाही नव्हता. मुख्य आक्षेप होता तो त्यांनी सही केलेल्या निवेदनांवर आणि त्यांच्या कार्यालयाच्या धोरणांवर.

आपल्याकडे सरकारी वकील राज्य सरकार नेमते, त्यामुळे हा सगळा प्रकार जरा अनोळखी वाटतो. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत जिल्हा पातळीवरचा अभियोक्ता थेट मतदानाने निवडला जातो. कुठे त्याला डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी म्हणतात, फ्लोरिडात स्टेट अ‍ॅटर्नी, सेंट लुईस शहरात सर्किट अ‍ॅटर्नी. देशभरात असे दोन हजारांहून अधिक अभियोक्ते आहेत. अलास्का, कनेटिकट, न्यू जर्सी अशी मोजकीच राज्ये याला अपवाद. पोलिसांनी पकडलेल्या माणसावर खटला भरायचा की नाही, कोणते कलम लावायचे, तडजोड करायची का, हे हाच माणूस ठरवतो. नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी तिथे खटला न चालता, आरोपीच्या कबुलीवर होतात. न्यायाधीशासमोर प्रकरण पोचेपर्यंत बराचसा निकाल अभियोक्त्याच्या टेबलावरच लागलेला असतो.

हे पद निवडणुकीचे झाले ते एकोणिसाव्या शतकात. मिसिसिपीने 1832 च्या राज्यघटनेत ही तरतूद केली, न्यूयॉर्कने 1846 मध्ये. नेमणुकीची पदे सत्ताधारी आपल्या माणसांत वाटून टाकत होते. लोकांनी निवडलेला वकील लोकांनाच जबाबदार राहील, वरच्या सत्तेचा मिंधा राहणार नाही, ही त्यामागची धारणा होती. पण त्याच राज्यघटनांमध्ये या माणसाला हटवण्याच्या वाटाही ठेवलेल्या होत्या. कुठे गव्हर्नरला अधिकार, कुठे विधिमंडळाचा महाभियोग, कुठे न्यायालयात अधिकारपृच्छेचा अर्ज, म्हणजे कोणत्या अधिकाराने पदावर बसला आहात असा जाब विचारणारा दावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत मतदारांनी स्वतः परत बोलावण्याच्या अधिकाराची भर पडली. लॉस एंजेलिस शहराने तो 1903 मध्ये स्वीकारला, कॅलिफोर्निया राज्याने 1911 मध्ये.

जुनी प्रकरणे पाहिली की त्या वाटा कशासाठी होत्या ते कळते. डिसेंबर 1900 मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट यांनी मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी एसा बर्ड गार्डिनर यांना पदावरून दूर केले. गार्डिनर हे टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेचे माणूस. निवडणुकीच्या काळात पोलिसप्रमुखाने काढलेल्या हुकमावरून त्याच्यावर आरोपपत्र आले आणि गार्डिनर यांनी त्या पोलिसप्रमुखाची पाठराखण केली, असा ठपका होता. मॅसॅच्युसेट्समधली प्रकरणे तर याहून उघडीवाघडी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1921 मध्ये मिडलसेक्स काउंटीचे नेथन टफ्ट्स आणि 1922 मध्ये बॉस्टनचे जोसेफ पेलेटिए यांना हटवले. श्रीमंत लोकांना खटल्याची भीती घालून पैसे उकळण्याच्या कारस्थानात पदाचा वापर झाला, हे पुराव्यानिशी सिद्ध झाले होते. या प्रकरणांतही पक्षीय राजकारण होतेच. रूझवेल्ट रिपब्लिकन, गार्डिनर डेमोक्रॅट. तरीही वादाचा विषय एकच असे: या माणसाने पदाचा गैरवापर केला का?

या प्रश्नाचे रूप बदलायला लागले ते मृत्युदंडावरून. न्यूयॉर्कने 1995 मध्ये मृत्युदंड परत आणला. पुढच्या वर्षी ब्राँक्समध्ये एका पोलिसाचा खून झाला. तिथले डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी रॉबर्ट जॉन्सन मृत्युदंडाबाबत उघडपणे साशंक होते. गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्यांना पदावरून हटवले नाही, तो एक खटला काढून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे दिला. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1997 मध्ये ते वैध ठरवले. वीस वर्षांनी फ्लोरिडातल्या ओरलँडोमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अरामिस अयाला या फ्लोरिडातल्या निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्टेट अ‍ॅटर्नी. मार्च 2017 मध्ये त्यांनी जाहीर केले की आपले कार्यालय कोणत्याही खटल्यात मृत्युदंड मागणार नाही. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्याच दिवशी पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा खटला त्यांच्याकडून काढला आणि पुढच्या काही महिन्यांत वीसहून अधिक खटले दुसऱ्या जिल्ह्याच्या अभियोक्त्याकडे सोपवले. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी स्कॉट यांची बाजू उचलून धरली. अयाला यांनी एकेका खटल्याचा विचार करून निर्णय घेतला नव्हता, सरसकट नकार दिला होता, हे बहुमताचे म्हणणे.

‘सरसकट’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढची सगळी भांडणे त्याच्याभोवती फिरली.

कारण एव्हाना वातावरण बदलले होते. शिकागोत 2014 मध्ये पोलिसाच्या गोळ्यांनी लक्वान मॅकडॉनल्ड हा सतरा वर्षांचा मुलगा मेला आणि त्याची चित्रफीत तब्बल वर्षभराने बाहेर आली. त्या संतापात तिथल्या अभियोक्त्या अनिता अल्वारेझ 2016 ची पक्षांतर्गत निवडणूक हरल्या, किम फॉक्स निवडून आल्या. त्यानंतर शहराशहरांत ‘सुधारणावादी’ म्हणवणारे अभियोक्ते जिंकू लागले. किरकोळ गुन्ह्यांत खटले भरणार नाही, जामिनासाठी पैसे मागणार नाही, असे ते प्रचारातच सांगत. फिलाडेल्फियात लॅरी क्रासनर 2017 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बुडिन 2019 मध्ये निवडून आले. मतदारांनी धोरण ऐकून मत दिले होते. मग त्या धोरणावरून राज्याने त्यांना हटवावे का, हा पेच इथे उभा राहिला. माझ्या मते याचे उत्तर सोपे नाही. पण ते कोणत्या वाटेने दिले जाते, याने फार फरक पडतो.

बुडिन यांच्या बाबतीत ते मतदारांनीच दिले. महासाथीच्या काळात चोऱ्या, उघड्यावरचा अमली पदार्थांचा बाजार आणि आशियाई वृद्धांवरचे हल्ले यांनी शहर अस्वस्थ होते. 7 जून 2022 रोजी सुमारे 55 टक्के मतदारांनी त्यांना परत बोलावले. मोहिमेसाठी धनिकांनी भरपूर पैसा ओतला हे खरे, पण शेवटचा कौल त्याच शहराचा होता. ओकलंड ज्या अलामेडा काउंटीत येते तिथल्या पामेला प्राइस यांनाही नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्याच मतदारांनी दूर केले. या निकालांची हळहळ कुणाला वाटेलही, पण त्यांच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही.

फिलाडेल्फियात उलटे घडले. क्रासनर 2021 मध्ये दुसऱ्यांदा सहज निवडून आले. नोव्हेंबर 2022 मध्ये पेनसिल्वेनियाच्या रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने 107 विरुद्ध 85 मतांनी त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला. ज्या शहराने त्यांना निवडले त्या शहराबाहेरच्या आमदारांच्या बळावर हे झाले. विधिमंडळाचे वरचे सभागृह असलेल्या सिनेटमधली सुनावणी लांबली, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विधिमंडळाची ती मुदत संपताच महाभियोगही संपला.

मिसूरीत अधिकारपृच्छेचे जुने हत्यार बाहेर आले. सेंट लुईसमध्ये जामिनाच्या अटी वारंवार मोडणाऱ्या माणसाच्या गाडीखाली येऊन एका किशोरवयीन खेळाडू मुलीने दोन्ही पाय गमावले. तो माणूस मोकळा कसा राहिला, या प्रश्नाने शहर हादरले. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू बेली यांनी शहराच्या सर्किट अ‍ॅटर्नी किम गार्डनर यांना हटवण्याचा अर्ज केला आणि मे महिन्यात गार्डनर यांनी राजीनामा दिला. कार्यालयातला गोंधळ, न सांभाळलेले खटले ही तक्रार इथे नुसत्या धोरणाची नव्हती. म्हणून हे प्रकरण इतरांच्या पंगतीत बसवताना जपून बसवावे लागते.

जॉर्जियाची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. 2020 मध्ये धावायला निघालेल्या अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला तिघा गोऱ्या माणसांनी पाठलाग करून मारले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ कुणाला अटक झाली नाही. त्यानंतर कामचुकार अभियोक्त्यांवर लक्ष ठेवणारा आयोग हवा, असे डेमोक्रॅट म्हणू लागले. तीच कल्पना पुढे रिपब्लिकनांनी उचलली. मे 2023 मध्ये गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी अशा आयोगाच्या कायद्यावर सही केली आणि एखाद्या प्रकारच्या गुन्ह्यांत सरसकट खटले न भरणे हे शिक्षेचे कारण ठरले. तेव्हा फुल्टन काउंटीच्या डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी फॅनी विलिस डोनाल्ड ट्रम्प यांची चौकशी करत होत्या, त्यामुळे कायद्याकडे कुणीही तटस्थपणे पाहू शकले नाही. आयोगाच्या नियमांना मान्यता देण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा 2024 मध्ये विधिमंडळाने त्या मान्यतेची अटच काढून टाकली. टेक्सासनेही 2023 मध्ये याच धाटणीचा कायदा केला.

आता पुन्हा टॅम्पाकडे. फ्लोरिडाच्या राज्यघटनेनुसार गव्हर्नर गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, अकार्यक्षमता, दारूबाजी अशा कारणांवरून अधिकाऱ्याला निलंबित करू शकतो. अंतिम निर्णय राज्याच्या सिनेटचा. गर्भपाताचा घटनात्मक हक्क जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला, तेव्हा देशभरातल्या ऐंशीहून अधिक अभियोक्त्यांनी गर्भपाताचे खटले भरणार नाही असे निवेदन काढले. त्यावर वॉरेन यांची सही होती. त्यांच्या कार्यालयात मात्र गर्भपाताचे एकही प्रकरण आलेले नव्हते. डिसँटिस यांनी याला कर्तव्यात कसूर म्हटले. जानेवारी 2023 मध्ये संघराज्य न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी निकालात लिहिले की वॉरेन यांचे सरसकट खटले न भरण्याचे धोरणच नव्हते आणि निलंबनाने राज्यघटनेचा व अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला. आणि तरीही त्यांना परत पदावर बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून त्यांनी दावा फेटाळला. अपील न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत धाडले. सिनेटची सुनावणी कधी झालीच नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये डिसँटिस यांनी ओरलँडोच्या मोनिक वॉरेल यांनाही निलंबित केले. वॉरेल म्हणजे अयालांच्याच खुर्चीवर आलेल्या अभियोक्त्या. बंदुकीच्या व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत त्यांचे कार्यालय ढिले आहे, हा आरोप होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये 6 विरुद्ध 1 मतांनी निलंबन कायम ठेवले.

नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत दोघेही पुन्हा उभे राहिले. टॅम्पात वॉरेन लोपेझ यांच्याकडून हरले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा खटला आता निरर्थक ठरल्याचे सांगून मिटवला. ओरलँडोत गव्हर्नरांनी नेमलेले अँड्र्यू बेन हरले. जानेवारी 2025 मध्ये मोनिक वॉरेल यांनी त्याच पदाची शपथ पुन्हा घेतली.