सरावाच्या पुस्तकातून वेब ॲनिमेशन शिकताना

आमच्याकडून प्रशिक्षण-पुस्तक घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिला धडा उघडण्याआधी पुस्तक ॲडोबी ॲनिमेट या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर लिहिलेले आहे ते पाहा आणि तुमच्या संगणकावरच्या आवृत्तीशी ताडून घ्या. शिकणारे बहुधा अवघड संकल्पनेपाशी अडत नाहीत. पुस्तकात दाखवलेले बटण पडद्यावर त्या जागी नसते, किंवा त्याच नावाखाली आता वेगळेच काही असते, तिथे अडतात. त्यामुळे आवृत्त्यांपासून सुरुवात करू.

जुने पुस्तक, नवे सॉफ्टवेअर

हे सॉफ्टवेअर पूर्वी फ्लॅश म्हणून ओळखले जाई. २०१६ मध्ये त्याचे नाव ॲनिमेट झाले. ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरला ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच साथ दिली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फायली चालणे बंद झाले. म्हणून जुन्या पुस्तकातले तीन प्रकारचे धडे बिनधास्त सोडा: एसडब्ल्यूएफ (फ्लॅश प्लेयरमध्ये चालणारी) फाइल वेबपानावर चढवण्याचे, ॲक्शनस्क्रिप्ट २ या फ्लॅशच्या कोडच्या भाषेचे (२०१३ च्या आवृत्तीपासून ती सॉफ्टवेअरमध्येच नाही) आणि एफएलव्ही या फ्लॅशच्या व्हिडिओ प्रकाराचे. चित्र काढणे, टाइमलाइन (फ्रेमची पट्टी), सिंबॉल (पुन्हा पुन्हा वापरता येणारी वस्तू), मास्क (चित्राचा ठरावीक भागच दाखवणारा आकार), गतीचा चढउतार हे धडे मात्र अजूनही तितकेच कामाचे आहेत. आमच्या मते जुन्या पुस्तकांत हेच भाग जास्त सावकाश आणि नीट शिकवलेले असतात.

एक फरक न कळल्यामुळे फार वेळ वाया जातो. २००८ मध्ये आलेल्या फ्लॅशच्या सीएस४ आवृत्तीत ‘मोशन ट्वीन’ (दोन ठिकाणांमधली हालचाल सॉफ्टवेअरकडून आपोआप भरून घेण्याची सोय) नव्याने बनवले गेले आणि आधीच्या पद्धतीला ‘क्लासिक ट्वीन’ नाव मिळाले. पुस्तक त्याआधीचे असेल, तर त्यात जिथे मोशन ट्वीन म्हटले आहे तिथे तुम्ही क्लासिक ट्वीन निवडा. नाहीतर पुढची प्रत्येक पायरी पुस्तकापेक्षा वेगळी वागेल.

दुसरा फरक फ्रेमच्या वेगाचा. जुन्या आवृत्त्यांत नवी फाइल सेकंदाला १२ फ्रेमने उघडत असे, आता २४ ने उघडते. पुस्तकातली ३६ फ्रेमची हालचाल १२ च्या वेगाने ३ सेकंद चालते, २४ च्या वेगाने दीड सेकंदात संपते. ‘माझे सगळे धावतेच आहे’ असे वाटले की आधी हा आकडा तपासा. धडा करताना वेग पुस्तकातलाच ठेवा.

नव्या आवृत्त्यांत प्रॉपर्टीज पॅनेलचे टूल, ऑब्जेक्ट, फ्रेम आणि डॉक असे चार भाग झाले आहेत. पुस्तकात सांगितलेला पर्याय दिसला नाही, तर आपण नेमके काय निवडले आहे याचा विचार करा: फ्रेम निवडली असेल तर ट्वीनचे पर्याय फ्रेम भागात मिळतील, स्टेजवरची (चित्राच्या जागेवरची) वस्तू निवडली असेल तर तिचे पर्याय ऑब्जेक्टमध्ये.

सरावाच्या फायली

पुस्तकाच्या सरावाची झिप फाइल आधी पूर्ण उलगडा, मगच कामाला लागा. झिपच्या खिडकीतूनच फाइल उघडली, तर तिची तात्पुरती प्रत उघडते. तासभर केलेले काम कुठे साठवले गेले ते मग सापडत नाही. उलगडलेल्या फोल्डरची एक प्रत तशीच बाजूला ठेवा आणि दुसरीवर काम करा. ‘सेव्ह ॲज’ करून नावापुढे ०१, ०२ लावत जा. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही, त्यामुळे दोन संगणकांवर शिकत असाल तर दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवा.

बहुतेक धड्यांना सुरुवातीची आणि पूर्ण झालेली अशा दोन फायली असतात. पूर्ण झालेली आधी उघडा. टाइमलाइनवरचा प्लेहेड हाताने मागेपुढे ओढा, किती लेयर आहेत, कोणत्या फ्रेमवर कीफ्रेम (जिथे चित्रात बदल ठरवून दिलेला असतो ती फ्रेम) आहेत हे पाहा. पाचच मिनिटे लागतात, आणि मग पुस्तकातली पायरी कशासाठी आहे ते ती करतानाच कळते.

हाताला लागणाऱ्या कळा

एफ५ ने साधी फ्रेम वाढते, एफ६ ने आधीच्या मजकुरासह कीफ्रेम येते, एफ७ ने रिकामी कीफ्रेम, एफ८ ने निवडलेल्या वस्तूचा सिंबॉल होतो. या चार कळा आणि चाचणीसाठी कंट्रोल-एंटर एवढे हातात बसले की पुस्तकाचा पहिला तृतीयांश सोपा जातो. लॅपटॉपवर एफ५ दाबल्यावर पडद्याचा उजेड किंवा आवाज बदलत असेल, तर सोबत एफएन कळ दाबावी लागते. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. अवजारांच्या एकाक्षरी कळा अचानक चालेनाशा झाल्या, तर कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का ते पाहा.

पहिल्या आठवड्यात बिघडणाऱ्या गोष्टी

आकार काढला, त्यावर दुसरा काढला, दुसरा हलवला आणि पहिल्याला भोक पडले. हा दोष नाही. साध्या पद्धतीत एकाच लेयरवरचे आकार एकमेकांत मिसळतात आणि एकमेकांना कापतात. चित्र काढताना ‘जे’ (J) या अक्षराची कळ दाबली की ऑब्जेक्ट ड्रॉइंग सुरू होते आणि प्रत्येक आकार स्वतंत्र राहतो. याच जातीची दुसरी तक्रार म्हणजे वर्तुळ हलवले तर आतला रंगच हलला, कडा मागे राहिली. कडा आणि भराव वेगळे असतात. दोन्ही एकत्र उचलायला दोनदा क्लिक करा.

टाइमलाइनवर ट्वीनची सलग रेषा न दिसता तुटक रेषा दिसली, तर ट्वीन अपुरे आहे, बहुधा शेवटची कीफ्रेम नाही. तिथे जाऊन एफ६ दाबा. लायब्ररीत (फाइलमधल्या सिंबॉलांच्या यादीत) ट्वीन १, ट्वीन २ अशा नावांचे सिंबॉल आपोआप जमू लागले, तर तुम्ही एफ८ ची पायरी गाळून साध्या आकारावरच क्लासिक ट्वीन लावत आहात. असे सिंबॉल साठत गेले की पुढे कोणता कुठे वापरला आहे ते उमगत नाही. ते काढून टाका आणि नाव देऊन सिंबॉल बनवा. क्लासिक ट्वीनच्या लेयरवर एकाच सिंबॉलचा एकच इन्स्टन्स (स्टेजवरची प्रत) हवा. दोन वस्तू हलवायच्या असतील तर दोन लेयर घ्या.

एका आकाराचा दुसरा करणाऱ्या शेप ट्वीनचे नेमके उलटे आहे. त्याला सिंबॉल चालत नाही, कच्चा आकारच लागतो. अक्षरांचे रूपांतर दाखवायचे असेल तर मजकूर कंट्रोल-बी ने दोनदा फोडावा लागतो: पहिल्यांदा सुटी अक्षरे होतात, दुसऱ्यांदा त्यांचे आकार. रूपांतर मध्येच चुरगळल्यासारखे दिसले, तर कंट्रोल-शिफ्ट-एच ने शेप हिंट लावा. पहिल्या आणि शेवटच्या आकारावर एकाच नावाची खूण सारख्या ठिकाणी ठेवायची. जास्तीत जास्त २६ खुणा मिळतात, पण चारपाच पुरतात.

सिंबॉलवर दोनदा क्लिक केले की तुम्ही त्याच्या आत शिरता, आणि तिथे केलेला बदल त्याच्या सगळ्या प्रतींना लागतो. नवख्यांना आपण आत आहोत हेच कळत नाही. स्टेजच्या वरच्या पट्टीत ‘सीन १’ पुढे सिंबॉलचे नाव दिसत असेल तर तुम्ही आत आहात. बाहेर यायला ‘सीन १’ वर क्लिक करा.

सिंबॉलचा प्रकार ग्राफिक ठेवावा की मूव्ही क्लिप, हा प्रश्न पुस्तके लवकर उरकतात. ग्राफिकची टाइमलाइन बाहेरच्या टाइमलाइनला बांधलेली असते: बाहेर १० च फ्रेम असतील तर आतल्याही १० च दिसतील. मूव्ही क्लिपची टाइमलाइन स्वतंत्र असते, बाहेर एकच फ्रेम असली तरी ती चालत राहते. म्हणून मूव्ही क्लिपमधले चाक प्लेहेड ओढून फिरत नाही, कंट्रोल-एंटर दाबल्यावर फिरते. बोलणारे ओठ टाइमलाइनवरच्या आवाजाशी जुळवायचे असतील तर ग्राफिक घ्या. सतत फिरणारे, लुकलुकणारे किंवा कोडने हलवायचे असेल ते मूव्ही क्लिपमध्ये.

चेंडूचा धडा

उसळणारा चेंडू जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो आणि तो घाईने उरकला जातो. तो नीट करा, कारण गतीचे बहुतेक सगळे गणित त्यात आहे. फ्रेमचा वेग २४. चेंडूचा सिंबॉल वर ठेवून १, १३ आणि २५ या फ्रेमवर कीफ्रेम घ्या. १३ वर शिफ्ट दाबून चेंडू सरळ खाली जमिनीवर आणा. दोन्ही टप्प्यांवर क्लासिक ट्वीन लावा. आता चालवून पाहिले तर चेंडू दोरीने वरखाली ओढल्यासारखा दिसेल, कारण वेग सगळीकडे सारखाच आहे. खाली येताना इझ (वेगाचा चढउतार) –१०० द्या: सुरुवात मंद, शेवटी वेग. वर जाताना १०० द्या: सुरुवातीला वेग, शेवटी मंद. उलटसुलट झाले तर चेंडू जमिनीवर अलगद टेकेल आणि हवेत आपटेल. तेही एकदा मुद्दाम करून पाहा.

मग जमिनीवर चेपटेपणा द्या, रुंदी १२० टक्के आणि उंची ८० टक्के. त्याआधी सगळ्या कीफ्रेमवर ट्रान्सफॉर्म पॉइंट (ज्या बिंदूभोवती वस्तू ताणली किंवा दाबली जाते तो) चेंडूच्या खालच्या कडेवर आणा. तो मध्यावर राहिला तर चेपटताना चेंडू जमिनीवरून उचलला जातो. शेवटी पुनरावृत्तीतला अडखळ काढा. फ्रेम १ आणि २५ सारख्याच असल्याने चेंडू वर एक फ्रेम जास्त थांबतो. २४ वर एफ६ दाबा आणि २५ वी फ्रेम शिफ्ट-एफ५ ने काढून टाका.

एवढे झाल्यावर पुस्तक मिटून तोच धडा स्वतःचे आकडे घेऊन करा: जड चेंडू, हलका फुगा, दरवेळी कमी होत जाणारी उसळी. पुस्तक समोर ठेवून केलेला धडा डोळ्यांना ओळखीचा वाटतो, पण हाताला येत नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता केलेला सराव ज्या पायरीवर अडतो, तीच पायरी पुन्हा वाचण्याची आहे.

कोडचे धडे

वेबसाठी नवी फाइल करताना एचटीएमएल५ कॅनव्हास निवडा. पुस्तकातला कोड ॲक्शनस्क्रिप्ट ३ चा असेल तर तो इथे चालणार नाही. इथे क्रिएटजेएस या तयार कोडच्या संचाच्या मदतीने जावास्क्रिप्ट चालते. फरक छोटे पण छळणारे आहेत. थांबण्याच्या ‘स्टॉप’ आज्ञेआधी कॅनव्हासमध्ये ‘धिस’ आणि टिंब लागते. बटणाच्या फंक्शनमध्ये तेच ‘धिस’ वापरायचे असेल तर ‘बाइंड’ करावे लागते, नाहीतर क्लिक केल्यावर काहीच होत नाही. फ्रेमची मोजणी ॲक्शनस्क्रिप्टमध्ये १ पासून आणि कॅनव्हासमध्ये ० पासून होते, त्यामुळे कोडने १० व्या फ्रेमवर पाठवले की टाइमलाइनवरची ११ वी फ्रेम दिसते. आकड्यांऐवजी फ्रेमला लेबल देऊन त्याच नावाने पाठवा, हा घोळच उरत नाही.

कोड ज्याला हलवतो त्या वस्तूला प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टन्सचे नाव द्यावे लागते. लायब्ररीतले नाव कोडला कळत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आकड्याने सुरू न होणारे ठेवा. कोडसाठी सर्वांत वर एक वेगळा लेयर ठेवून त्याला कुलूप लावा.

वेबवर चढवताना

प्रकाशित केल्यावर एचटीएमएल फाइल, जावास्क्रिप्ट फाइल आणि चित्रे असल्यास त्यांचे फोल्डर तयार होते. हे सगळे एकत्रच चढवायचे, नावे न बदलता. सर्व्हरवर बहुधा लहान-मोठ्या अक्षरांचा भेद धरला जातो, त्यामुळे घरच्या संगणकावर दिसणारे चित्र तिथे गायब होऊ शकते. इंटरनेट नसताना पान कोरे दिसले तर ‘होस्टेड लायब्ररीज’ हा पर्याय तपासा. तो चालू असेल तर क्रिएटजेएस दरवेळी बाहेरून आणले जाते. प्रकाशित फाइलवर नुसते दोनदा क्लिक केल्यावर चित्रे येत नसतील, तर ब्राउझरने ती सुरक्षेसाठी अडवलेली असू शकतात. कंट्रोल-एंटरने तपासा.

कॅनव्हासमध्ये मोशन ट्वीन प्रत्येक फ्रेमसाठी वेगळे लिहिले जाते आणि फाइल फुगते. जमेल तिथे क्लासिक ट्वीन वापरा. वापरणाऱ्याने पानावर क्लिक करण्याआधी आवाज सुरू करणे ब्राउझर सहसा अडवतात, म्हणून सुरुवातीला एक बटण द्या. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे काहीही ठेवू नका, त्याने काही लोकांना झटके येऊ शकतात. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवण्याची सोय ठेवा. इतर मजकूर वाचणाऱ्याला ती खरोखर त्रास देते.

आमच्याकडे शंका पाठवताना

‘चालत नाही’ एवढ्यावरून आम्हाला उत्तर देता येत नाही. पुस्तकाचे पान आणि पायरीचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, फाइल कॅनव्हासची आहे की ॲक्शनस्क्रिप्टची, आणि एफएलए फाइल (ॲनिमेटमधली तुमची मूळ कामाची फाइल) हे सगळे पाठवा. टाइमलाइन आणि प्रॉपर्टीज पॅनेल दोन्ही दिसतील असा पडद्याचा फोटो जोडा. ब्राउझरमध्ये पान कोरे येत असेल तर एफ१२ दाबून कन्सोलमध्ये दिसणारी लाल ओळ जशीच्या तशी उतरवून द्या. बिघाड कोणत्या फायलीत आहे ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेले असते.