पतंग-बग्गी : किनाऱ्यावरील वेगासाठी लहान की मोठी

पतंगाच्या ओढीने जमिनीवर धावणाऱ्या, बहुधा तीन चाकांच्या आणि इंजिन नसलेल्या हलक्या गाडीला पतंग-बग्गी किंवा काइट बग्गी म्हणतात. चालक दोन मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबणाऱ्या कापडी आसनात बसतो, पाय पुढच्या फोर्कवरील खुंट्यांवर ठेवून त्यांनीच गाडी वळवतो, आणि दोन्ही हातांनी पतंग सांभाळतो. या गाडीला सहसा ब्रेकही नसतो. वेग कमी करायचा तर पतंग डोक्यावर नेऊन त्याची ओढ काढून घ्यावी लागते किंवा गाडी वारा येतो त्या दिशेला वळवावी लागते. संक्रांतीच्या पतंगाशी याचे नाते नावापुरतेच आहे. येथे कामट्या, कागद आणि मांजा नसून नायलॉनच्या कापडाचा, हवेने फुगणारा, दोन किंवा चार दोऱ्यांचा पतंग असतो, त्याचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजतात आणि त्याच्या दोऱ्यांना काच लावलेली नसते.

पतंगाने गाडी ओढण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये अशा गाडीचे पेटंट घेतले होते; तिला घोडे नसल्याने रस्त्यावरच्या नाक्यांवर कर भरावा लागत नसे, असे सांगतात. आजच्या बग्गीला दोन गोष्टींनी आकार दिला. एक म्हणजे १९६४ मध्ये डोमिना जाल्बर्ट यांनी शोधलेला, आतील कप्प्यांत हवा भरून आपला आकार धरणारा पॅराफॉइल, आणि दुसरी म्हणजे न्यूझीलंडमधील अॅशबर्टनचे पतंगकार पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास लोकप्रिय केलेली साधी, घट्ट बांधणीची तीनचाकी.

पुण्यातून कोकणात जाऊन हा खेळ शिकू पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न वेगाचा असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेकदा घाईने दिले जाते : गाडी जितकी मोठी तितकी वेगवान. हे विधान अर्धेच खरे आहे. ‘लहान’ म्हणजे येथे ढोबळमानाने २० ते ३० किलो वजनाची, एक मीटरच्या आसपास रुंद मागचा आस असलेली, सुटी करून गाडीच्या डिकीत मावणारी बग्गी समजावी. ‘मोठी’ म्हणजे ५० किलोंच्या वरची, लांब आणि रुंद, शर्यतीसाठी बांधलेली. या दोहोंमधला फरक वजनाचा, रुंदीचा, लांबीचा आणि चाकांचा असतो, आणि या चार गोष्टी वेगावर चार वेगळ्या वाटांनी परिणाम करतात. त्या एकत्र मोजल्या की गोंधळ होतो.

वजनाचा परिणाम समजण्यासाठी बग्गी वाऱ्यापेक्षा वेगाने कशी धावते हे पाहावे लागते. वारा आडवा असताना गाडी जसजशी वेग घेते, तसतसा चालकाला लागणारा वारा समोरून येऊ लागतो आणि जोर धरतो. पतंग या भासमान वाऱ्यावर उडतो, नुसत्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यावर नव्हे. पतंगाची ओढ बहुतांशी बाजूला आणि थोडी पुढे असते. बाजूची ओढ चाकांच्या पकडीने अडवली जाते आणि पुढची ओढ गाडीला पळवते. गाडीचा मार्ग आणि भासमान वारा यांतील कोन जितका लहान करता येईल तितका वेग अधिक मिळतो. हा कोन दोन भागांचा असतो : पतंगाचा स्वतःचा अवरोध भागिले त्याची उचल, आणि गाडी व चालक यांचा अवरोध भागिले चाकांनी पेललेली बाजूची ओढ. पतंग दोन्ही गाड्यांना सारखाच लावता येतो, म्हणून लहान-मोठ्याचा सगळा निवाडा दुसऱ्या भागात होतो.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. चालक ७५ किलोंचा, लहान बग्गी २५ आणि मोठी ६५ किलोंची, म्हणजे एकूण वजने १०० आणि १४० किलो. ओल्या कठीण वाळूवर चाकांचा फिरण्याचा अवरोध वजनाच्या ४ टक्के आणि बाजूची पकड वजनाच्या निम्मी धरू. पतंगाची उचल त्याच्या अवरोधाच्या पाचपट मानू. वारा सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किमी. असेल, तर दोन्ही चालक चाके घसरेपर्यंत पतंग ओढू देतील : लहान गाडी ५० किलोंची ओढ पेलेल, मोठी ७० किलोंची. चालकाच्या अंगावर येणाऱ्या हवेचा अवरोध मात्र दोघांना सारखाच, सुमारे १० किलो. त्यात चाकांचा अवरोध मिळवला की लहान गाडीचे प्रमाण १४ भागिले ५०, तर मोठीचे १५.६ भागिले ७० असे येते. यातून निघणारा वेग लहान गाडीला ताशी सुमारे ५७, तर मोठीला ६५ किमी. पडतो. मोठी गाडी जिंकते, पण तिच्या जिंकण्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. वजनाने पकड वाढली तशी चाकांची घासही त्याच प्रमाणात वाढली, त्यामुळे त्या दोहोंच्या हिशेबात मोठ्या गाडीला काहीच मिळाले नाही. जे मिळाले ते हवेचा अवरोध वजनाबरोबर वाढला नाही म्हणून.

आता वारा निम्मा, सेकंदाला ४ मीटर करू, आणि दोघांकडे असलेला सर्वांत मोठा पतंग २५ किलोंचीच ओढ देतो असे समजू. हवेचा अवरोध अडीच किलोंवर येतो, चाके घसरण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि मोठ्या गाडीची जादा पकड पडून राहते. तिच्या जादा वजनाची घास मात्र प्रत्येक मीटरला सोसावी लागते. लहान गाडी ताशी ३० किमी. धावते आणि मोठी २६ वर अडकते. वरील आकडे गृहीत धरलेल्या गुणकांचे आहेत आणि वाळू बदलली की ते बदलतील, पण उलटापालट अशीच होते. म्हणून वेगासाठी गाडी निवडणे हे मुळात वारा निवडणे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचे आयव्हनपाहचे कोरडे सरोवर, जेथे ग्रीनबर्ड या ताठ शिडाच्या गाडीने २६ मार्च २००९ रोजी ताशी सुमारे २०३ किमी. वेग गाठला, तेथे भूमी काँक्रीटसारखी कठीण आणि सपाट असते. अशा ठिकाणी जड बग्गीची बाजू भक्कम असते. आपल्या पुळणीवर तिची बाजू तितकी भक्कम राहत नाही.

कोकणचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण पसरला आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी जमीन तापली की खारे वारे समुद्राकडून सुटतात, आणि दिवस उतरू लागला की ते वायव्येकडे झुकतात. वारा सरळ पश्चिमेचा असेल तोवर जाणे-येणे दोन्ही आडव्या वाऱ्यावर होते. तो वायव्येचा झाला की दक्षिणेची धाव वाऱ्याच्या कलाने, झपाट्याने होते, आणि परतीची उत्तरेची धाव वाऱ्यावर तिरकी चढत करावी लागते. नवशिका चालक जातानाच्या वेगाने खूश होऊन किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि परतताना गाडी ढकलत येतो. वाऱ्यावर चढताना पतंगाची पुढची ओढ फारच थोडी उरते, तेव्हा हलकी आणि मोकळी फिरणारी बग्गी अधिक उपयोगी पडते. हे वारे बहुधा मध्यम असतात. वरच्या हिशेबातल्या दोन टोकांच्या मधले.

कठीण वाळू ओहोटीनेच मिळते, आणि तेथे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब कामास येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, आणि तिच्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी. द्वादशीला भरती नवाच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी सव्वातीनला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी साडेपाचला. म्हणजे प्रत्येक पक्षातील द्वादशी ते पौर्णिमा-अमावास्या हे दिवस बग्गीसाठी उत्तम : खारे वारे जोरात असतानाच पाणी दूर गेलेले असते, आणि शेवटच्या दिवसांत उधाणामुळे ते अधिकच दूर जाते. चतुर्थीच्या आसपास याच्या नेमके उलट होते. दुपारी तीनला भरती असते आणि उरलेली पट्टी कोरड्या, भुसभुशीत वाळूची असते. त्या पट्टीवर मोठ्या गाडीची अरुंद शर्यतीची चाके रुततात. पुण्याहून निघण्यापूर्वी पंचांग पाहणे हा येथे अंधविश्वास नसून यंत्रशास्त्र आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चाकांचा विचार गाडीच्या आकारापासून वेगळा करावा. प्रचलित बग्गीला ४.००–८ मापाचे टायर असतात. हे माप पुणेकराला अनोळखी नाही, कारण बजाजच्या तीनचाकी रिक्षेचा टायर याच मापाचा आहे. मात्र रिक्षेचा टायर बऱ्याच अधिक भारासाठी बांधलेला, जाड भिंतींचा असतो. हवा कमी केली तरी तो पुरेसा पसरत नाही, आणि मऊ वाळूवर पसरणे हेच तर हवे असते. हातगाडीसाठी मिळणारा, त्याच मापाचा हलका टायर अधिक योग्य ठरतो. फुग्यासारखे रुंद टायर लावले की लहान बग्गीही मऊ वाळूवर तरंगत जाते, पण कठीण वाळूवर तिला हवेचा आणि घासेचा जादा भार पडतो. दिवेआगर, गुहागर यांसारख्या लांब पुळणींवर मध्येच लहानसे ओहोळ आणि पाण्याने खणलेल्या नाळी आडव्या येतात. तेथे चाकाचा व्यास मोठा असणे हे रुंदीपेक्षाही महत्त्वाचे असते.

आसाची रुंदी वेग वाढवत नाही, वेग टिकवू देते. पतंगाची ओढ जमिनीपासून सुमारे ५० सेंमी. उंचीवर लागत असेल, तर ओल्या वाळूवर अरुंद बग्गीही सहसा उलटण्याआधी बाजूला घसरते, आणि हे घसरणे जादा ओढ आपोआप सोडून देते. चाक भुसभुशीत वाळूत किंवा नाळीच्या काठात अडकले की घसरणे थांबते, आणि तेव्हा अरुंद गाडी क्षणात पालथी होते. वारा समुद्राकडून येत असल्याने ताबा सुटलेली बग्गी नेहमी जमिनीकडे, म्हणजे याच मऊ वाळूकडे आणि तिच्यामागच्या सुरूच्या बनाकडे ओढली जाते. त्यामुळे कोकणात वजनाआधी रुंदी घ्यावी. लांबीचे मात्र तारतम्य हवे : लांब गाडी वेगात स्थिर राहते आणि लहान गाडीचा फोर्क ताशी ४० किमी.च्या पुढे पायाच्या हलक्या धक्क्यानेही थरथरतो, पण लांब गाडीला वळायला बरीच जागा लागते आणि भरती चढू लागली की ती जागा उरत नाही. चालकाचे गुडघे थोडे वाकलेले राहतील इतपत पुढची नळी लांब असावी. पूर्ण ताणलेल्या पायांनी अचूक वळवता येत नाही, हे उंच चालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

पुण्याच्या बाजूने पाहता आणखी एक अडचण येते. ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला जायचे तर सुमारे १६० किमी.चा प्रवास आहे, आणि ६५ किलोंचा सांगाडा टपावर चढवणे-उतरवणे दोन माणसांचे काम होते. यावर उपाय असा की गाडी २५-३० किलोंची, पण आस रुंद आणि सांगाडा जादा भार सोसेल असा घ्यावा, आणि वजन किनाऱ्यावरच घालावे. भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात नक्षा दाखवून असा स्टेनलेस स्टीलचा सांगाडा करून घेणे अवघड नाही. मागच्या आसाच्या पुढे, आसनाखाली, वजन बांधण्यासाठी आडवी पट्टी मात्र आधीच सांगून ठेवावी. चिवट पिशव्यांत ओली वाळू भरून दहा-दहा किलोंचे चार गाठोडे त्या पट्टीला घट्ट आवळले की लहान गाडी मोठीच्या वजनाला पोहोचते, आणि वारा पडला की गाठी सोडून वाळू जागच्या जागी परत देता येते. भार सैल राहता कामा नये, तसाच तो आसाच्या मागेही जाऊ नये. तसे झाल्यास पुढचे चाक उचलले जाऊन गाडी वळायची थांबते.

जादा पतंगाची हौस हाच या खेळातला खरा धोका आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मोठ्या बग्गीवर ती ओढ गाडीत शिरते. लहान बग्गीवर ती चालकाला आसनातून उचलते. म्हणून लहान गाडीसोबत वारा वाढताच एक माप लहान पतंग लावावा, हेल्मेट घालावे आणि हात सोडताच पतंग निकामी करणारी सुटका-दोरी मनगटाला बांधावी. ताणलेल्या दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब असतात आणि काच नसूनही माणसाला कापू शकतात. गर्दीच्या शनिवार-रविवारी घोडागाड्या आणि मुले फिरत असलेल्या पुळणीवर बग्गी काढू नये. स्थानिक ग्रामपंचायतीला व पोलिसांना आधी विचारावे. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेच्या वरच्या वाळूत अंडी घालतात. तेथे ओल्या पट्टीच्या वर चाक नेऊच नये, आणि पिले बाहेर पडण्याच्या हंगामात ती पुळण सोडून दुसरी शोधावी.

परतल्यावर चाके काढून बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, नव्याने ग्रीस भरावे. खाऱ्या वाळूने खरखरणारे बेअरिंग फिरण्याचा अवरोध इतका वाढवते की लहान गाडीच्या हलकेपणाने मिळणारा सगळा लाभ त्यातच निघून जातो.