लहान ट्रॅक्टरला मागे हायड्रोलिक जोडणी: काही पार्श्वभूमी

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात 15 ते 25 अश्वशक्तीचे ट्रॅक्टर आता बहुतेक संत्रा बागायतदारांना परिचित आहेत. 6 बाय 6 मीटरवर लावलेली झाडे पूर्ण वाढली की दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर फांद्या न मोडता जात नाही, आणि डवरणीसाठी बैलजोडी ठेवणे अनेकांना परवडेनासे झाले आहे. या लहान ट्रॅक्टरांची लिफ्ट (मागे लावलेले अवजार तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रोलिकने, उचलणारी यंत्रणा) अवजार उचलते. पण झाडाच्या घेराखाली बाजूला सरकणारा रोटाव्हेटर, तिरका करता येणारा ब्लेड किंवा घडी होणारा फवारणीचा बूम (नोझलांचा आडवा दांडा) यांना स्वतःचा सिलिंडर लागतो आणि त्या सिलिंडरला तेल देणारी जोडणी अनेक लहान मॉडेलांच्या मागे नसते. ती गावच्या किंवा एमआयडीसीजवळच्या वर्कशॉपमध्ये बसवून घेतली जाते. तशी वेळ का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1939 मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या एका ट्रॅक्टरमुळे थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी अडकवण्याची जोडणी, आणि हायड्रोलिक लिफ्ट यांची जोडी रूढ झाली. तिची कल्पना आयर्लंडमध्ये जन्मलेल्या एका अभियंत्याची होती. त्या लिफ्टचा दट्ट्या तेलाच्या दाबाने फक्त वर जात असे. खाली येण्याचे काम अवजाराचे वजनच करी. बाहेर तेल काढण्याची सोय पुढे मुख्यतः ट्रॉली उलटवण्यासाठी आली, आणि तीही एकाच पाइपची होती. साठच्या दशकात भारतात ट्रॅक्टर बनू लागले तेव्हा परदेशी सहकार्यातून आलेल्या रचनांबरोबर हीच पद्धत आपल्याकडे रुजली.

विदर्भात हायड्रोलिक म्हटले की बराच काळ लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॉलीचा जॅकच येई. काळ्या जमिनीत पलटी नांगराचा प्रसार झाला तसा मोठ्या ट्रॅक्टरांवर दोन पाइपांचा, म्हणजे डबल अ‍ॅक्टिंग, व्हॉल्व्ह दिसू लागला, कारण नांगर उलटवायला सिलिंडर दोन्ही दिशांनी दाबाखाली चालावा लागतो. 2010 नंतर 15 अश्वशक्तीच्या आसपासचे ट्रॅक्टर बाजारात वाढले, पण हा व्हॉल्व्ह त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचला. किंमत कमी ठेवण्यासाठी तो वगळला गेला असावा. बागेत बाजूला सरकणाऱ्या अवजाराची खरी गरज ज्या शेतकऱ्याला होती, नेमक्या त्याच्याच ट्रॅक्टरवर ती सोय नव्हती, म्हणून हा निर्णय मला चुकीचा वाटतो.

तेल कोठून घ्यायचे, हा यातला सर्वांत वादाचा प्रश्न आहे. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लिफ्टच्या दाबाच्या वाटेवर ‘टी’ मारून एक पाइप काढणे. ट्रॉलीला तो चालतो. मात्र सिंगल अ‍ॅक्टिंग, म्हणजे एकाच दिशेने दाबाखाली चालणारा, सिलिंडर भरताना लागणारे सगळे तेल गिअरबॉक्समधून जाते. 63 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 400 मिमी स्ट्रोकचा (दट्ट्याच्या सरकण्याचा) सिलिंडर पूर्ण उघडला की सुमारे सव्वा लिटर तेल बाहेर अडकते. त्याच मापाचा, 35 मिमी दांड्याचा डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर असेल तर फरक जेमतेम 0.4 लिटरचा पडतो, कारण एका बाजूने तेल जाताना दुसऱ्या बाजूचे परत येते. अनेक लहान ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच असते, काहींत तेलात बुडालेले ब्रेकही त्यावरच चालतात. त्यामुळे उतारावर पातळी घसरली की पंप हवा ओढतो आणि लिफ्ट धक्के देते.

दुसरा मार्ग पंप आणि लिफ्ट यांच्यामध्ये डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह बसवण्याचा आहे. गिअर पंप सतत तेल ढकलत असतो, म्हणून नव्या व्हॉल्व्हमधून ते पुढे लिफ्टला मिळालेच पाहिजे. येथेच सर्वाधिक बिघाड होतात. साध्या व्हॉल्व्हला तेल आत येण्याचा एक पोर्ट (तोंड) आणि टाकीकडे परत जाण्याचा एक पोर्ट असतो. टाकीचाच पोर्ट लिफ्टला जोडला, तर लिफ्ट वजन उचलताना तो सगळा दाब, म्हणजे 150 बारच्या आसपास, व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत उभा राहतो. ती पोकळी एवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. सील बाहेर येतात, कधी बॉडीलाच तडा जातो. यासाठी ‘पॉवर बियाँड’ची बुशी मिळते. ती लिफ्टकडे जाणारी दाबाची वाट वेगळी करते आणि परतीचे तेल स्वतंत्र पाइपने टाकीत सोडते. भाग छोटा आहे, पण तो वगळून केलेली जोडणी काही महिने बरी चालते. त्यामुळे ती बरोबर आहे असा समज पसरतो, आणि दोष पुढे पंपावर ढकलला जातो.

रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा, मुद्दा याहून कमी बोलला जातो. ट्रॅक्टरचा मूळ रिलीफ लिफ्टच्या व्हॉल्व्हमध्ये असेल, तर नव्या व्हॉल्व्हचा स्पूल (तेलाची वाट बदलणारा आतला दांडा) हलवताच पुढची वाट बंद होते आणि मूळ संरक्षण तुटते. म्हणून नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा, मूळ दाबाहून जास्त नसलेल्या दाबावर लावलेला रिलीफ हवाच.

तिसरा मार्ग पीटीओवर (इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या, अवजारांना गती देणाऱ्या मागच्या दांड्यावर) वेगळा पंप आणि वेगळी टाकी लावण्याचा. गिअरबॉक्सचे तेल त्यात सुरक्षित राहते, म्हणून काही मिस्त्री त्याचाच आग्रह धरतात. पण फवारणीचा ब्लोअर आणि रोटाव्हेटर दोन्ही पीटीओवर चालतात, त्यामुळे बागेत हा मार्ग फारसा उपयोगी नाही.

व्हॉल्व्ह कसाही बसवला तरी लहान पंपाच्या मर्यादा राहतात. मिनिटाला 15 लिटर तेल 150 बार दाबाने गेले की सुमारे 3.75 किलोवॅट, म्हणजे 5 अश्वशक्ती, खर्च होते. 20 अश्वशक्तीच्या इंजिनातला हा चौथा हिस्सा आहे. सिलिंडरला हा भार काही सेकंदच लागतो, पण त्याच जोडणीवर सतत फिरणारी हायड्रोलिक मोटर चालवली की तेल तापू लागते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, पातळ झालेले तेल पंपातच आतल्या आत गळते आणि दुपारी लिफ्ट ढिली पडते.

अलीकडे काही लहान मॉडेलांवर कारखान्यातूनच डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह पर्याय म्हणून मिळू लागला आहे. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरांसाठी मात्र वर्कशॉपचाच आधार आहे, आणि बाहेरून केलेल्या जोडणीनंतर हायड्रोलिकची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते. त्यामुळे जोडणी करताना कोणता व्हॉल्व्ह, कोणत्या दाबावर आणि ‘पॉवर बियाँड’च्या तिसऱ्या पोर्टसह बसवला की नाही, हे बिलावर लिहून घेणे मालकाच्या हिताचे ठरते.